येनातल्या जेफरसन मॅडम

कऱ्हाडच्या कॉलेजात शुभा पाटणकरला पोरं तिच्या माघारी ‘जेफरसन मॅडम’ म्हणायची. अकरावी-बारावीला ती राज्यशास्त्र शिकवायची. अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन हा तिचा इतका लाडका, की दर सोमवारी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्याचं एखादं म्हणणं ती आपल्या मराठीत लिहून ठेवायची आणि आठवडाभर ते पुसू द्यायची नाही. ‘लोकांना अडाणीही राहायचंय आणि स्वतंत्रही राहायचंय, तर असं आजवर झालेलं नाही आणि पुढेही होणार नाही.’ ‘राग आला तर बोलण्याआधी दहा अंक मोजा, फारच आला तर शंभर.’ हे दुसरं पोरांना इतकं आवडलं, की मधल्या सुट्टीत भांडणं लागली की दोन्ही बाजू मोठमोठ्यानं आकडे मोजायच्या आणि दहा झाले की एकमेकांच्या कॉलरला हात घालायच्या. शुभा स्टाफरूमच्या खिडकीतून बघायची आणि हसायची. आपला माणूस निदान पोरांच्या तोंडी तरी बसला, असं तिला वाटायचं.

दोन हजार एक साली तिच्या नवऱ्याला, जयंतला, जर्मनीत येना नावाच्या गावी भिंगं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली. लेक ईश्वरी तेव्हा सहा वर्षांची. शुभानं कॉलेजचा राजीनामा दिला. जिथं विद्यापीठ आहे तिथं आपल्याला शिकवायला काहीतरी मिळेलच, अशी तिची खात्री होती.

ती खात्री फार टिकली नाही. नोकरीच्या कचेरीतल्या बाईंनी तिची सगळी प्रमाणपत्रं शांतपणे पाहिली, छान आहेत म्हणाल्या आणि तितक्याच शांतपणे परत दिली. आधी जर्मन शिका. शुभा जर्मन शिकली. फोल्क्सहोखशूलं म्हणजे प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेत ती नेमानं जायची आणि परीक्षाही पास झाली. पण पास होणं वेगळं आणि त्या भाषेत वर्गापुढे उभं राहणं वेगळं. गावाच्या लोबेडा नावाच्या भागातल्या उंच उंच इमारतींपैकी एकीत सातव्या मजल्यावर त्यांचं घर होतं. दुपारी भांडी आवरून झाली की शुभा खिडकीशी बसून समोरचे चुनखडीचे पांढुरके डोंगर बघत राहायची. ईश्वरी शाळेतून आली की शुभा मराठीत विचारायची आणि लेक जर्मनमध्ये उत्तर द्यायची. शुभानं हौसेनं जर्मन बोलायचा प्रयत्न केला की पोरगी तिची लिंगं-वचनं सुधारायची. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या बाईला हे जड जात होतं. बोलत नव्हती ती, पण जयंतला दिसत होतं.

एका रविवारी तो म्हणाला, “शुभा, आपण क्लाइनगार्टन घेऊया का?”

गावाच्या कडेला, उतारावर, बागांचे लहान लहान तुकडे भाड्यानं मिळतात. प्रत्येक तुकड्यात एक लाकडी खोपटं, थोडी फळझाडं आणि भाजीचे वाफे. अशा सगळ्या बागवाल्यांची मिळून एक संस्था असते, तिला अध्यक्ष असतो, घटना असते, वार्षिक सभा असते. म्हातारी माणसं गेली, तरुण पोटासाठी पश्चिमेकडे गेले, म्हणून त्या दिवसांत येनात बरेच तुकडे रिकामे पडले होते.

संस्थेचे अध्यक्ष हेर लेन्झ, म्हणजे लेन्झसाहेब, मिश्या राखलेले, टापटिपीचे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “सभासद कोण होणार?”

“हिच्या नावावर करा,” जयंत म्हणाला. “माती हीच उपसणार आहे.”

“ठीक. एका बागेला एक मत. वार्षिक सभेला यायचं, हात वर करायचा.”

घरी परतताना ट्राममध्ये शुभा एकदम हसायला लागली. जयंतनं विचारलं, काय झालं?

“अहो, इथं नगरपालिकेला आपल्याला मत नाही, राज्याला नाही, देशाला तर नाहीच. पण कंपोस्टचा खड्डा कुठं खणायचा याला मला मत आहे. हेर लेन्झला एक, मला एक. अगदी बरोबरीनं.” आणि त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं शब्दकोश घेऊन संस्थेची घटना पहिल्या कलमापासून वाचायला घेतली.

शेजारच्या बागेत एक उंच, वाकलेले म्हातारे असत. हेर वीगांड. त्यांच्या बागेचं रस्त्याकडचं झुडपांचं कुंपण माणसाच्या डोक्यावर गेलेलं होतं. आतलं काही दिसत नसे. शुभाच्या बाजूचं कुंपण मात्र कमरेइतकंच होतं. येणारे-जाणारे सभासद त्या उंच झुडपांकडे बघून नाक मुरडायचे. वीगांडना कुणी ‘गुटन टाग’, म्हणजे नमस्कार, म्हणत नसे आणि तेही कुणाला म्हणत नसत.

शुभाला हे ठाऊक नव्हतं, म्हणून ती पहिल्याच दिवशी म्हणाली. म्हातारे दचकले. मग त्यांनी टोपी काढली.

ओळख मेथीवरून वाढली. हिनं काय पेरलंय ते त्यांना कळेना, आणि त्यांचा नवलकोल इतका कोवळा कसा राहतो ते हिला कळेना. बोलता बोलता शुभानं विचारलं, “तुम्ही आधी काय करत होता?”

“शिक्षक होतो.”

“कसले?”

“श्टाट्सब्युर्गरकुंडं. नागरिकशास्त्र म्हणा. आमच्या त्या जुन्या देशाचं, भिंत पडण्याआधीच्या साम्यवादी जर्मनीचं. देश गेला, विषयही गेला. एका सोमवारी शाळेत गेलो तर वेळापत्रकातून माझे तास काढून टाकलेले होते. नंतर मी रात्रीचा पहारेकरी झालो, निवृत्त होईपर्यंत.”

शुभाच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं. “मीसुद्धा,” ती म्हणाली. “मीसुद्धा तोच विषय शिकवायचे.”

“नाही हो,” ते पहिल्यांदाच हसले. “तोच नसणार.”

त्या दिवसापासून कुंपणाच्या दोन बाजूंना दोन विषय गेलेले दोन मास्तर रोज भांडू लागले. तो भांडण्यातला आनंद शुभाला कितीतरी वर्षांनी मिळत होता. तिचं जर्मन त्या वादांतच सुधारलं. वर्गात शिकलेली वाक्यं भाजीवालीशी बोलायला पुरतात, पण मालमत्तेचा हक्क नैसर्गिक की माणसानं बनवलेला, यावर भांडायचं तर दुसरीच ताकद लागते. वीगांड तिला शब्द पुरवायचे आणि मग त्याच शब्दांनी तिच्याकडून मार खायचे.

एकदा ती म्हणाली, “आमचा जेफरसन म्हणायचा, पृथ्वी जिवंत माणसांची आहे. मेलेल्यांनी केलेले कायदे जिवंतांवर लादू नयेत. दर पिढीनं आपली घटना आपण पुन्हा करावी.”

“आणि त्याच्या शेतावर राबणारे गुलाम?” वीगांड म्हणाले. “ते कोणत्या पिढीनं सोडवायचे होते? सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या तुमच्या माणसानं शेकडो माणसं मालकीची म्हणून वापरली. हे आम्ही शिकवायचो. एवढं तरी खरं शिकवायचो.”

तिला हे माहीत नव्हतं असं नाही. कऱ्हाडला ती ते एका ओळीत सांगून पुढे जायची. परीक्षेत त्याला गुण नसत.

दुसऱ्या दिवशी ती कुंपणाशी आली तीच उत्तर घेऊन. “वाक्य त्याच्यापेक्षा मोठं निघालं, हेर वीगांड. काळ्या माणसांनी तेच वाक्य उचललं आणि त्याच्यासमोर धरलं, की हे तूच लिहिलंस ना? वाक्य खोटं असतं तर त्यांच्या उपयोगाला आलं नसतं.”

वीगांडनी बराच वेळ वाफ्यातलं तण उपटलं. मग म्हणाले, “आमचीही वाक्यं चांगली होती, फ्राउ पाटणकर. फार चांगली होती.”

त्या वाक्यांचं पुढे काय झालं, ते शुभानं विचारलं नाही. एवढी मैत्री झाली तरी त्यांनी एकमेकांना घरी कधी बोलावलं नव्हतं. कुंपण होतं तिथंच होतं.

बागेत शुभाची आणखी एक मैत्रीण होती, फ्राउ क्योलर, म्हणजे क्योलरबाई. पंचेचाळिशीतली, इस्पितळात परिचारिका, बोलायला मोकळी. शुभाला स्ट्रॉबेरीची रोपं तिनं दिली, पहिल्या हिवाळ्यात पाण्याचा नळ गोठून फुटू नये म्हणून काय करायचं ते तिनं दाखवलं, ईश्वरीच्या कानदुखीला डॉक्टरही तिनंच शोधून दिला. मात्र शुभाकडे यायचं झालं तर ती वरचा लांबचा रस्ता धरून यायची. वीगांडच्या बागेपुढून जायची नाही. शुभाला वाटायचं, तिकडे चढ असेल म्हणून.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये वार्षिक सभेची सूचना आली. त्यात एक विषय होता: हेर वीगांड यांचा बागेचा करार रद्द करणे. कारण, नियमापेक्षा उंच कुंपण, दोनदा लेखी ताकीद देऊनही कमी केलेलं नाही. ठराव मांडणार, फ्राउ क्योलर.

शुभाला पटेना. तिनं जयंतला दाखवलं. “कुंपण उंच आहे म्हणून माणसाला हाकलायचं? याच्यामागे दुसरं काहीतरी आहे. तो जुन्या राजवटीचा मास्तर, त्याची मतं लोकांना खपत नाहीत, म्हणून.”

“असेल,” जयंत म्हणाला. “पण आपण इथं नवीन. दोन्हीकडून तुझीच माणसं आहेत. मत दे, हात वर कर, घरी ये. भाषण करू नकोस.”

“बरं.”

“शुभा, तू ‘बरं’ म्हणालीस की मला जास्त भीती वाटते.”

सभा शनिवारी दुपारी संस्थेच्या लाकडी सभागृहात होती. कॉफीचे थर्मास, कुणी कुणी घरून केक आणलेले. वीगांड शेवटच्या बाकावर एकटेच बसले होते. शुभा मधल्या रांगेत होती. हिशेब झाले, पाण्याच्या पाइपची दुरुस्ती झाली, आणि मग हेर लेन्झनी तो विषय पुकारला. फ्राउ क्योलर उठली आणि तिनं दोन वाक्यांत ठराव मांडला. कलम अमुक, ताकिदी दोन, करार रद्द करावा. तिचा आवाज कोरडा होता. “कुणाला बोलायचंय?” लेन्झनी विचारलं.

शुभानं हात वर केला. हात वर गेल्यावर तिला कळलं की तो गेला आहे.

ती उभी राहिली. नामांची लिंगं सांभाळायची तिनं सोडूनच दिली. “मी भारतात राज्यशास्त्र शिकवत होते,” ती म्हणाली. “दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत फार कडू निवडणूक झाली. दोन पक्षांनी एकमेकांना नको नको ते म्हटलं. जो जिंकला, तो जेफरसन. लोकांना वाटलं, आता हा हरलेल्यांना झोडपणार. पण पहिल्याच भाषणात तो म्हणाला, मतभेद म्हणजे वैर नव्हे. आपल्यातल्या कुणाला हे राज्यच मोडावंसं वाटत असेल, तर त्यालाही हात लावू नका. त्याला तसाच उभा राहू द्या. चुकीचं मत सहन करता येतं, जोवर त्याला उत्तर द्यायला विवेक मोकळा आहे.” तिनं श्वास घेतला. “कुंपण उंच आहे, हे खरं. ते कापायला लावू. पण माणसाला त्याच्या जुन्या मतांसाठी घालवून देऊ नका. एवढंच.”

ती बसली. मागून कुणीतरी टेबलावर हलकेच बोटांनी टकटक केलं, जर्मन लोक पसंती देतात तसं. कऱ्हाडच्या वर्गाबाहेर पडल्यापासून ती असं बोलली नव्हती.

फ्राउ क्योलर मात्र अजून उभीच होती. “ते शेवटचं पुन्हा सांग,” ती म्हणाली.

“काय?”

“विवेक मोकळा असेल तर. असंच म्हणालीस ना?”

“हो. जोवर उत्तर द्यायला विवेक मोकळा आहे.”

“तो मोकळा नव्हता,” फ्राउ क्योलर म्हणाली. “मी सोळा वर्षांची होते. आमचं घर चर्चला जाणारं. मी राजवटीच्या युवक संघटनेत गेले नाही. वर्गात माझा पहिला नंबर. मला डॉक्टर व्हायचं होतं. हेर वीगांड आमच्या शाळेत होते. त्यांनी माझ्या शेऱ्यात लिहिलं, विद्यार्थिनीची राजकीय भूमिका विश्वासार्ह नाही. विद्यापीठाकडे नेणाऱ्या पुढच्या शाळेत मला घेतलं नाही. माझ्या वडिलांनी जाऊन विचारलं, तर उत्तर द्यायलाही कुणी नव्हतं. हे यांचं मत नव्हतं, शुभा. मत असतं तर मी वाद घातला असता.”

सभागृहात फ्राउ क्योलरच्या वडिलांच्या वयाचे दोघे-तिघे मान खाली घालून बसले होते. बहुतेकांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त शुभाला.

ज्या वाक्याच्या जोरावर ती उठली होती, त्याचा उत्तरार्ध तिनं वर्षानुवर्षं शिकवताना उरकून टाकला होता. सहन करा, सहन करा, हे ती ठासून सांगायची. कोणत्या अटीवर, ते घंटा वाजता वाजता. आता ती अट समोर उभी राहून तिच्याकडे बघत होती, आणि तीच तिची मैत्रीण होती. बसून राहणं सोपं होतं. माफ करा, मला माहीत नव्हतं, एवढं म्हणून डोकं खाली घालता आलं असतं.

ती पुन्हा उठली. “मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी आधी तुझ्याशी बोलले असते, मग इथं,” ती थेट फ्राउ क्योलरला म्हणाली. “तेव्हा उत्तर देता येत नव्हतं. आज येतं. ते इथंच बसलेत. कुंपणाच्या कलमातून त्यांना बाहेर काढलंस, तर ते कुंपणासाठी गेले असंच होईल. तुझं उत्तर तसंच राहील. तू त्यांना सांग. आत्ता. आम्ही सगळे ऐकतो.”

हेर लेन्झ काहीतरी बोलायला गेले, विषयपत्रिकेबद्दल बहुधा. पण फ्राउ क्योलर वळली होती. शेवटच्या बाकाकडे बघून ती म्हणाली, “हेर वीगांड, मी चांगली डॉक्टर झाले असते.”

वीगांड उठले. उठायला त्यांना वेळ लागला.

“हो,” ते म्हणाले. “झाला असतात. लिहिताना मला ते ठाऊक होतं.” मग म्हणाले, “तेव्हा मला वाटायचं, राज्य आधी. मी त्यावर विश्वास ठेवून होतो. ही सबब म्हणून सांगत नाही.” आणि खाली बसले.

क्षमा त्यांनी मागितली नाही, आणि फ्राउ क्योलरनंही ती मागायला सांगितली नाही. तिनं डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि बसली. मतदान झालं. करार रद्द करण्याच्या बाजूनं बरेच हात वर गेले, पण विरुद्ध त्याहून थोडे जास्त गेले. शुभानं विरुद्ध हात वर केला. फ्राउ क्योलरचे दोन्ही हात मांडीवर होते, पहिल्या वेळीही आणि दुसऱ्या वेळीही. कुंपण मे महिन्याच्या आत छातीइतकं कापायचं, असा दुसरा ठराव एकमतानं झाला. मग लोकांनी केक खाल्ला. काय करणार, आणलेला होता.

घरी आल्यावर जयंतनं तिचा चेहरा बघून चहा टाकला. चहा पिताना तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “मी बरोबर केलं की चूक, अहो?”

“मला विचारू नकोस. मी भिंगं घासतो,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, “पण ती बाई बोलली ना? इतक्या वर्षांत बोलली नव्हती.”

शुभा त्यानंतर काही आठवडे वीगांडशी बोलली नाही. बागेत जायची, आपलं काम करायची, निघून यायची. तिला राग आला होता आणि तो नेमका कशाचा, ते तिला ठरवता येत नव्हतं. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी कात्रीचा आवाज येऊ लागला. वीगांड शिडीवर चढून कुंपण कापत होते. शिडी हलत होती. अखेर शुभा पलीकडे गेली आणि तिनं शिडी धरली.

“तुम्ही मला सांगायला हवं होतं,” ती म्हणाली.

“सांगितलं असतं तर तुम्ही सभेत बोलला असता?”

“बोलले असते. पण वेगळं बोलले असते.”

वीगांडनी दोन-तीन फांद्या कापल्या. “वर्षभर माझ्याशी कुणी वाद घालत होतं,” ते म्हणाले. “सांगितलं तर ते थांबेल असं वाटलं.”

शुभा शिडी धरून राहिली. झुडपं एकेक करून खाली आली, आणि बऱ्याच वर्षांनी त्या बागेतली सफरचंदाची दोन झाडं रस्त्यावरून दिसू लागली. दुपारी फ्राउ क्योलर सायकल हातात धरून खालच्या रस्त्यानं आली. तिनं आत पाहिलं. “टाग,” म्हणाली. शिडीवरच्या माणसानंही “टाग” म्हटलं. ती पुढे गेली. त्यांची मैत्री झाली नाही, पुढेही कधी झाली नाही. पण वरचा लांबचा रस्ता तिनं सोडला.

त्या सभेत बोललेली एक म्हातारी भारतीय बाई—म्हातारी नव्हती शुभा, पण केस लवकर पिकले होते—अशी गोष्ट लोबेडाभर झाली. तिथल्या वस्ती-केंद्रात काम करणारी एक मुलगी बागेत येऊन तिला भेटली. केंद्रात परदेशी बायका येतात, इराकच्या, व्हिएतनामच्या, रशियातून आलेल्या जर्मन. त्यांना देशाचा कारभार कसा चालतो, त्यांचे हक्क काय, हे सोप्या जर्मनमध्ये सांगणारं कुणी हवंय. तासाचे पैसे नाममात्र.

“पण माझं जर्मन...” शुभा म्हणाली.

“म्हणूनच,” ती मुलगी म्हणाली. “तुमचं त्यांना कळेल.”

पहिल्या दिवशी समोर आठ-नऊ बायका, एकीच्या मांडीवर तान्हं मूल. शुभानं खडू उचलला, सवयीनं फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक वाक्य लिहिलं, सगळी माणसं समान जन्माला येतात, आणि त्याच्याखाली लगेच दुसरं लिहिलं, हे लिहिणाऱ्याकडे गुलाम होते. मग वळून म्हणाली, “आल्झो, तर मग. आता या दोन वाक्यांचं काय करायचं, ते आपण बघू.” बायका अर्धा तास तावातावानं बोलत राहिल्या, चार प्रकारच्या मोडक्या जर्मनमध्ये. त्यातलं निम्मं शुभाला समजलं नाही. तरी इतका चांगला तास तिनं कऱ्हाडलाही घेतला नव्हता, असं ती त्या दिवशी जयंतला म्हणाली. एकदा तर तिनं बायकांना हेही सांगून टाकलं, की ‘स्वातंत्र्याची किंमत म्हणजे अखंड जागरूकता’ हे म्हणणं आपण इतकी वर्षं जेफरसनच्या नावावर शिकवलं, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधलं तर ते त्याच्या लिखाणात कुठंच सापडत नाही. “मग कुणाचं?” रशियातून आलेली लिडिया म्हणाली. “ठाऊक नाही,” शुभा म्हणाली. “पटतं का, ते सांगा.”

तो वर्ग चालू राहिला. ईश्वरी तेरा वर्षांची झाली. कधी कधी केंद्रात येऊन ती मागे गृहपाठ करत बसायची. आईच्या चुका ती आता सुधारत नसे. एकदा घरी जाताना ती आपणहून मराठीत म्हणाली, “आई, तू वर्गात वेगळी असतेस.” शुभानं विचारलं, वेगळी म्हणजे कशी? त्याचं उत्तर पोरीला मराठीत येईना आणि जर्मनमध्ये द्यायचं तिनं टाळलं.

दोन हजार आठच्या शरद ऋतूत शुभानं वीगांडना विचारलं, “एक दिवस माझ्या वर्गात याल? प्रश्न विचारायची परवानगी नसताना नागरिकशास्त्र कसं शिकवलं जातं, हे सांगायला. मला ते माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

मग एका गुरुवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस ओले करून विंचरले होते. अठरा वर्षांनी ते वर्गात पाय ठेवत होते. शुभानं बायकांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, फ्राउ क्योलरला विचारून, तिचं नाव न घेता. वीगांड टेबलामागे उभे राहिले आणि बोलू लागले. पुस्तकात प्रश्न आणि उत्तर शेजारी शेजारी कसं छापलेलं असायचं. हुशार मुलं उत्तर म्हणताना खिडकीबाहेर कशी बघायची. आपण ते बघून न बघितल्यासारखं कसं करायचो. ते हळू आणि स्पष्ट बोलत होते, जुन्या मास्तरांसारखं, प्रत्येक वाक्यानंतर थांबून.

इराकहून आलेली शिरीन पहिल्या बाकावर होती. तिनं हात वर केला.

“तुम्ही घाबरून असं करत होता, की तुम्हाला खरंच पटत होतं?”

वीगांडनी शुभाकडे पाहिलं. शुभाच्या जिभेवर दोन-तीन वाक्यं आली, सगळी चांगली. तिनं ती गिळली आणि खिडकीची चौकट धरून गप्प उभी राहिली.

“पटत होतं,” वीगांड म्हणाले. “घाबरत असतो तर कदाचित मी बरा शिक्षक झालो असतो.”

शिरीननं मान हलवली, वहीत काही लिहिलं आणि मग आपल्या गावच्या शाळेतल्या एका मास्तरांबद्दल सांगू लागली. वीगांड खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि ऐकू लागले.